उसव

एकतीस मार्चचे बारा वाजून गेले
आणि माझ्याच फायलींनी मला ओळख विचारली.
सातपूरच्या प्रेस मशीनचे सव्वीस पडदे,
माझ्या हातचे, माझ्या जागरणाचे,
आता नुसते बघायचे. हात लावायचा नाही.
खाली डॉलरमधला आकडा
आणि एक हसतमुख जांभळं बटण.

हेरंब म्हणाला, भरून टाकू. दोघंच तर आहोत,
एका नावावर आळीपाळीने बसू.
मी हिशेब केला. वर्षाचं भाडं म्हणजे
त्र्यंबक रोडच्या या खोलीचं चार महिन्यांचं भाडं,
आणि खोलीत निदान खिळा तरी ठोकता येतो.

मग ते दुसरं उतरवून घेतलं, मोकळं.
फुकट म्हणत नाही मी त्याला,
कुणाच्या तरी रात्री गेल्यात त्यात.
पहिल्या दिवशी तीनदा झोपलं.
दुसऱ्या दिवशी 'प्रक्रिया' लिहिलं
तर पाय मोडून क एकीकडे, र दुसरीकडे.
हेरंबने खुर्ची मागे सरकवली, बोलला काहीच नाही.
ते न बोलणं मला पुरेसं ऐकू आलं.

चूक दिसली तर लिहा, असं होतं तिथे.
लिहिली. मोडक्या इंग्रजीत, चित्र काढून.
आठवड्याने एस्टोनियातून कुणी उत्तर दिलं,
नाव वाचता आलं नाही. बाई असावी, रात्रपाळी असावी.
म्हणाली, तुमचं अक्षर आम्हाला माहीत नव्हतं,
दाखवाल?
मी दाखवलं, र कसा क-च्या अंगाशी
तिरका टेकून राहतो, वेगळा उभा राहत नाही.

मराठीचा रकाना जवळपास रिकामा होता.
अलाइनला आधी 'संरेखन' लिहिलं,
मग गंगापूर रोडला भिंत चढवणारा गवंडी आठवला,
दोरीला लोंबणारं त्याचं ते वजन.
खोडून लिहिलं: ओळंब्यात घ्या.
लेअरला थर. ग्रिडला जाळी.
अनडूपाशी अडले.
'पूर्ववत करा' म्हणजे थेट तहसील कचेरी.
सिडकोत आई ब्लाउज शिवते, तिला फोन लावला:
चुकलेली शिप काढतेस त्याला काय म्हणतेस?
उसवते, म्हणाली, दुसरं काय म्हणणार,
आणि ठेवला. गिऱ्हाईक होतं.

चंद्रपूरच्या कुणा विश्रांत मेश्रामला हे पटलं नाही.
उसवलं म्हणजे बिघडलं, त्याने लिहिलं.
उसवल्याशिवाय नीट कसं होईल, मी लिहिलं.
तो शब्द अजून यादीत लोंबतो आहे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सातपूरला गेले.
पुंजाराम लहामगे, मशीनवर एकोणीस वर्षं,
त्यांनी हातमोजा न काढता अंगठा टेकवला,
दोन बटणं एकदम दाबली गेली.
मी म्हटलं, मोजा काढून बघा ना.
ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले,
मॅडम, गोदेला पूर आला की आकडे कोण बघतं?
दुतोंड्या मारुती बघायचा.
पाणी गुडघ्याला. कंबरेला. छातीला.
आंधळ्याला सांगा, त्यालाही दिसतं.
मशीनचा दाब असा दाखवाल का?

त्या रात्री मी सव्वीसच्या सव्वीस पडदे उसवले.
जांभळ्या बटणाला विचारावं लागलं नाही.
आकडे बारीक करून कोपऱ्यात नेले,
मधोमध काढला एक उभा माणूस,
साधा, बिननाकाडोळ्यांचा,
आणि त्याच्या अंगावर चढत जाणारी रेघ.
बटणं अंगठ्याएवढी. मोज्यातल्या अंगठ्याएवढी.
हेरंब सकाळी आला, चहा विसरून
अर्धा तास त्या रेघेचा लाल रंग जुळवत बसला.

फाइल उघडीच ठेवली आहे.
सिन्नरला, चाकणला, कुणाच्या मशीनला लागली
तर घ्यावी, आपल्या मापाने उसवावी.
फक्त शेवटच्या पडद्यावरची ओळ तेवढी राहू द्यावी,
लहामग्यांची आहे, त्यांच्याच शब्दांत:
गळ्याला आलं की हात काढा.