चार सूत

नागदेवीच्या गल्लीत दुपारी दोनला
मुस्तनसीर सेठ काचेवर फडकं अंथरतात
आणि एकेक राउटर बिट मांडतात,
दागिना मांडावा तसं नाही,
उपटलेला दात मांडावा तसं.
"हे साडेनऊशेचं. हे बावीसशेचं.
आणि ही जोडी, मेस्त्री, सहा हजार चारशे.
कुठली ते विचारू नका. चालेल."

मी आधी दांडा बघतो. दोन सुताचा असला
तर सागाच्या गाठीवर थरथरतो,
कडेला लाटा उठतात, आणि त्या
पॉलिशखाली दिसत नाहीत म्हणणारा खोटं बोलतो.
चार सूतच पाहिजे. मग नखानं चाचपायचं,
कार्बाइडखालची डाखाची पितळी रेघ अखंड आहे का.
मग बेअरिंग ओठाला लावून फिरवायचं.
कानाला कळत नाही ते ओठाला कळतं.
सेठ नोकराला सांगतात,
बघ, गिऱ्हाईक मालाचा मुका घेतंय.

साडेनऊशेचं एकदा घेतलं होतं.
तिसऱ्याच शटरला त्याचा दात उडाला
आणि गाळ्यातल्या कॅलेंडरात घुसला,
चोवीस तारखेत.
तो महिना मी उलटलाच नाही.

पण सहा हजार चारशे म्हणजे अर्धं भाडं,
आणि गुर्जरबाईंचा ॲडव्हान्स सागात गेलेला.
कांजूरच्या बाविसाव्या मजल्यावर चौदा शटर,
फोटोतल्यासारखे. फोटो कुठल्या देशातला
ते त्यांनाही माहीत नव्हतं.

खैरानी रोडला माझ्या शेजारचा गाळा रामसूरतचा.
आमचं सात वर्षं जमत नाही.
त्याचा भुसा माझ्या दारात,
माझा कंप्रेसर त्याच्या डोक्यात.
त्यालाही तसलीच ऑर्डर होती, पवईची.
टपरीवर चहा फुंकत तो म्हणाला, "आधा-आधा?"

बत्तीसशे त्याचे, बत्तीसशे माझे.
बिल कुणाच्या नावानं, असं सेठनी विचारलं
तेव्हा दोघंही पंख्याकडे बघत राहिलो.
जोडी कुणाकडे राहणार
ते घाटकोपर येईपर्यंत मिटलं नाही.
शेवटी एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
माझं कडेला खाच पाडतं, गोलाई काढतं.
त्याचं आडव्या पट्टीच्या टोकाला
त्याच गोलाईचा उलटा साचा देतं.
एकट्यानं कुणालाच दार होत नाही.
असं काही ठरवलं नव्हतं,
विश्वास नव्हता म्हणून झालं.

वैशाखात तो जौनपूरला गेला, भाचीच्या लग्नाला.
शहाणा सुतार आधी टोकं काढतो, मग कडा,
नाहीतर कोपरे फुटतात.
मी उलट केलं. हात शिवशिवत होते.
छप्पन्न पट्ट्यांच्या कडा काढून थप्पी लावली,
आणि आडव्यांची छप्पन्न टोकं कोरी.
पटाशीनं एक करून पाहिलं.
वडिलांना जमलं असतं. मला जेवणापर्यंत
एकच झालं, आणि सांध्यात
पोस्टकार्ड जाईल एवढी फट.

गुर्जरबाईंचा फोन येऊन गेला.
मग मी रामसूरतला लावला. मागे बँड वाजत होता.
काय बोलायचं ते माझं ठरलं नव्हतं.
तोच ओरडला,
"मीटर के ऊपर चाबी है!"

सात वर्षं मी त्या मीटरखालून जातोय.
वर हात घातला: धूळ, पालीचं अंडं, किल्ली.
आत फळीवर त्याचं बिट,
तेल लावून, बाळाच्या लोकरी मोज्यात घातलेलं.
माझं मी खिळ्यांच्या डब्यात टाकतो.

टोकं काढली. चार कोपरे फुटलेच,
त्यांत लांबी भरून ते बिजागरीच्या बाजूला लपवले.
बाकीचे सांधे असे बसले
की सिगरेटचा कागद जाईना.
मोज्यात दोनशे रुपये ठेवावेत असं आलं मनात,
पण त्याला राग आला असता.
हिऱ्याच्या पट्टीवर धार लावून ठेवलं.

संध्याकाळी साकीनाक्याला फेरीवाल्याकडे
बाळमोजा मागितला.
"एक नाही मिळणार," तो म्हणाला.