भाड्याची कवटी

कवटी भाड्याची होती.
लायडनच्या वैद्यशाळेतून आणलेली, महिन्याला सहा स्टायव्हर;
खालचा जबडा नव्हता म्हणून घासाघीस करून चार.
मालक म्हणाले, "माख्टेल्ट, पूस, पण चमकवू नकोस."
डोळ्यांच्या खोबणीतली धूळ मी करंगळीनं काढली,
पोराच्या कानातला मळ काढावा तशी.

मग लिंबू.
एका लिंबाला माझी अर्ध्या दिवसाची मजुरी.
साल अर्धवट सोलून टेबलाच्या कडेवरून लोंबती सोडलेली.
सहाव्या दिवशी हिरवी बुरशी. नवं मागवलं.
नश्वरता रंगवायलाही ताजा माल लागतो.
कालवं मात्र रोज संध्याकाळी मीच संपवली,
उगाच कशाला नासवायची?

फुग्यासाठी माझा क्राइन.
हातात गव्हाची काडी, शिंपल्यात साबणाचं पाणी,
ओठ सोलवटेपर्यंत फुंकत बसला बापडा.
"धर, तसाच धरून ठेव!" मालक ओरडायचे.
फुगा कसा धरून ठेवायचा, मालक?
शंभर फुटले तेव्हा कापडावर एक झाला.
त्यात आमची खिडकी वाकून उतरली,
आणि खाली एक तांबडा ठिपका.
ती त्याची टोपी.

गिऱ्हाईक हेरिंगचा व्यापारी.
"घड्याळ असू दे, विझलेली मेणबत्ती असू दे.
पण ही कवटी नको,
हिच्यासमोर बायकोला घास उतरायचा नाही."
मालकांनी हूं की चूं केलं नाही.
दोन दिवसांत कवटीवर खरबूज बसलं.

ती परत करायला मीच गेले, टोपलीत, फडक्याखाली.
पुलावर कुणीतरी विचारलं, "कोबी का गं?"
"हो," म्हटलं, "कोबी."
कारकुनानं दात मोजून घेतले.
नऊ नेले होते, नऊच भरले.
जिवंत माणसाचे इतके नीट कोण मोजतं?

त्याच वसंतात क्राइन टेक्सेलहून जहाजावर चढला,
मिऱ्यांच्या देशी.
तीन वर्षं झाली.
कंपनीच्या दारावर नावांची यादी लागते.
मला वाचता येत नाही,
आणि ज्यांना येतं त्यांना मी विचारत नाही.

आता महिन्यातून एकदा हेरिंगवाल्याच्या घरी चादरी धुते.
चित्र जेवणघरात आहे.
फुगा अजून फुटलेला नाही.
खरबुजाच्या उजव्या शिरेपाशी रंग विरत चाललाय,
तिथून कुणीतरी टेबलाकडे बघतंय.
बाईंच्या लक्षात आलेलं नाही.
मी सांगणार नाही.
चादरी पिळायच्या राहिल्यात.