नोंदवहीत अपेंडिक्स

दवाखान्याची भिंत म्हणजे रंग दिलेला पत्रा.
पलीकडे सुतार खोकला की इकडे मलमाची डबी हलते.
आणि मला रिम्माला विचारायचं होतं –
वय एकोणीस, मासे चिरायच्या पट्ट्यावरची,
पोट धरून वाकलेली, ओठ पांढरेफटक –
पाळी कधी चुकली.

मी नळ सोडला.
गोडं पाणी मोजून मिळतं ट्रॉलरवर, तरी पूर्ण सोडला.
त्या आवाजाच्या आडोशाला ती बोलली :
दोन महिने.
आणि डॉक्टर, कुणाला म्हणजे कुणालाच नका सांगू,
माझी आई ह्याच जहाजावर आहे,
खाली डबे मोजते.

गर्भ नळीत असेल, फुटत असेल. नसेलही.
माझ्याकडे ना क्ष-किरण, ना रक्ताची एक पिशवी.
स्टेथोस्कोप आहे, त्यात इंजिनच जास्त ऐकू येतं.
मुर्मान्स्क दीड दिवसावर,
आणि तीन आठवड्यांच्या कोरड्या पाण्यानंतर
त्याच पहाटे कॉडचा थवा सापडलेला.

कप्तान येलिझारोव जाळ्याकडेच बघत होता.
'अपेंडिक्स? मग काढा की, लिद्या मात्वेयेव्ना.
अर्खिपचं नाही काढलंत, भर वादळात,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर?
अजून शर्ट वर करून व्रण दाखवत हिंडतो.'
मी म्हटलं, तेव्हाची गोष्ट वेगळी.
हल्ली हात थरथरतो.

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं.
नकाशावर होता हात.
मी तो थरथरवला.

जहाज वळलं. कॉड खालीच राहिले.
बोनस गेला, कुणाचं फ्रिज गेलं,
कुणाच्या मुलीचा लग्नाचा कोट.
जेवणाच्या टेबलावर मिठाची डबी
माझ्या अलीकडच्या माणसापाशी येऊन थांबायची.
चारही बाजूंना मीठच मीठ, आणि मी अळणी सूप प्यायले.
रिम्माची आई तर तोंडावर म्हणाली :
भित्र्या माणसानं जमिनीवर राहावं.
पोरीचे पाय चेपता चेपता म्हणाली.
मी नाडी मोजत होते, आकडा चुकला,
पुन्हा मोजली.

नोंदवहीत लिहिलं : अपेंडिक्स, तीव्र.
सही केली. सरळ आली.

धक्क्यावर रुग्णवाहिका होती.
महिन्यानं एक तार आली, दोन शब्दांची :
वेळेत पोचले.
खाली नाव नव्हतं.

पुढच्या फेरीत अर्खिपची दाढ सुजली.
पक्कड बघून त्यानं डोळे मिटून घेतले,
म्हणाला, जपून हं डॉक्टर, तुमचा हात...
दोन मिनिटांचं काम मी जपून,
फार जपून, पाऊण तास केलं.

आता केबिनमध्ये एकटी असले
तरी कप उचलताना चहा सांडतो थोडा.
लाटांमुळे असेल.
आज समुद्र तसा शांत आहे.