कूलर

मानेवाड्याच्या दोन खोल्यांत
खिडकीला टेकून उभा असायचा पत्र्याचा कूलर,
पायाखाली चार विटा.
एप्रिल लागला की बाबा स्वतः त्याला रंग द्यायचे,
खसच्या ताट्या बदलायचे, मोटारीला तेल,
आणि पहिली गार झुळूक निघाली की
आम्हा दोघांना धरून समोर उभं करायचे,
"घ्या बे, हवा घ्या."
हे मी मुद्दाम आधी सांगते.

पाणी भरणं माझं काम.
नळाला पाइप लावून, काठोकाठ,
रात्रभर पुरायला हवं.

बाबांची लूना वळणावरच कळायची.
गुपचूप आली तर ठीक.
फाटकापाशी दोनदा रेस केली तर आई उठायची,
कूलरचं बटण तीनवर न्यायची,
आमच्या डोक्यावरून चादर
आणि मधलं दार लोटून घ्यायची.
पुढचं सगळं पात्यांतून गाळून यायचं.
भांडं. भिंत.
परत भिंत.
मुन्ना सहा वर्षांचा,
चादरीत एकोणीसचा पाढा म्हणायचा.
शाळेत त्याला तो कधीच आला नाही.

हिवाळ्यात कूलरवर पोतं असे.
हिवाळ्यात आईच आवाज करत नसे.

मी दहा वर्षांची. नवतपाचा तिसरा दिवस,
नागपुरात त्या दिवसांत रात्रही तव्यासारखी.
अख्खी गल्ली गच्च्यांवर झोपलेली,
कुंभलकर, हेडाऊ, पोस्टातले उईके.
मी उठले आणि बटण बंद केलं.
गल्लीला ऐकू जावं,
एवढंच माझ्या डोक्यात होतं.
पातं चार फेऱ्या हळूहळू फिरलं, थांबलं,
ताट्यांतून पाणी टिपकत राहिलं
आणि बाबांचा आवाज घराबाहेर निघाला
चड्डी-बनियनवर, होता तसा.

गच्चीवर कोणीतरी खाकरलं.
कोणीतरी रेडिओ लावला.

सकाळी दोन घरांतून कैरीचा तक्कू आला,
वाटीवर वाटी झाकून.
आईनं वाट्या धुतल्या,
रिकामी परत देऊ नये म्हणून साखर घातली,
आणि मग मला मारलं.
आयुष्यात एकदाच.
"काऊन बंद केला होता वं?"
ओठ सुजलेला होता,
त्यामुळे 'बंद' नीट उमटलं नाही.

मुन्ना आता हिंगण्याला, एमआयडीसीत.
बायकोवर हात उगारत नाही, आवाजही नाही.
हर्षाली फोनवर सांगते,
"ताई, साधं लाइट बिलावरून बोललं
तरी हे उठतात
आणि गच्चीवर जाऊन टाकीतलं पाणी बघतात.
रात्री दीडला. डिसेंबरात.
भांडायचं तर भांडा ना, मी काय खाते का यांना?"
मी म्हणते, हो गं.
तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.
लग्न का नाही केलं असं तीही विचारते कधी,
तेव्हा मी बँकेच्या बदल्यांचं सांगते.

बाबा थकलेत.
हर्षाली मुलीला सोडून जाते तेव्हा
तिला मांडीवर घेऊन टरबुजाच्या बिया काढून देतात,
एकेक, काटा काढावा तशा.
मी दारात उभी राहून ते हात बघते.
पोरीला कोणी हाक मारली तर
त्यांच्या आधी मी दचकते.

कूलर आता प्लॅस्टिकचा, चाकांचा, मुका.
मुन्नानंच पाठवला, स्वतः आला नाही.
आईला त्यात झोप लागत नाही.
परवा गेले तर तिनं जुना उतरवून घेतलेला,
गंज खरवडून, विटांवर उभा.
बाबा कुशीवर वळत म्हणाले,
"बंद कर ना वं त्याले, किती खडखड करते."
"राहू द्या," आई म्हणाली,
आणि पाण्याचा पाइप माझ्या हातात दिला.