दुखेल तिथे उजेड

समुद्रातल्या कुठल्याशा जिवाणूकडून
उजेडाचं जनुक उसनं आणलं
आणि बांधलं याच्या कण्हण्याला.
पूर्वी भिंतीला तडा गेला
की हा गुपचूप मरायचा.
आता मरता मरता
बोट दाखवून जातो.

रजिस्टरात त्याचा नंबर एन-एक्केचाळीस.
थेटे त्याला चुगलखोर म्हणतो,
आणि टिकलं ते थेटेचंच नाव.

सातपूरला, बेअरिंगच्या कारखान्याला लागून आमची शेड.
रात्री अकराला दिवे घालवतो.
दाराच्या फटीला काळी टेप,
मोबाईल बाहेर, चपलांशेजारी.
डोळ्यांत अंधार मुरायला दहा मिनिटं लागतात,
तेवढ्यात थेटे सांगून टाकतो
कुणाची छाटणी उरकली, कुणाच्या बागेत डाऊनी शिरला.

मातीही तोच आणतो.
अंजनेरीच्या कड्याखालची,
पिंपळगावच्या बाजारातली, कांद्याच्या काट्याखालची,
आणि गिरणाऱ्याची, त्याच्या द्राक्षबागेतली,
पिशवीवर पेनाने लिहिलेलं : घरची.

फेब्रुवारीत एका रात्री 'घरची' पेटली.
ओळच्या ओळ, हिरवट निळी.
थेटेने अंधारात स्टूल घट्ट धरलं.
"मॅडम, आपली माती!"
दोन दिवस पेढ्यांचा भाव विचारत होता.

तिसऱ्या दिवशी कळलं, मोरचूद.
आजोबांपासूनची फवारणी
मुळांशी मुरून बसलेली.
चुगलखोर खोटं बोलला नव्हता,
त्याला दुखलंच होतं.
कशाने, ते सांगायला
आम्ही शिकवलेलं नाही.

फ्रीजमध्ये एक बाटली आहे,
सिव्हिलच्या गायधनी बाईंनी पाठवलेली.
लेबलवर नाव नाही, कॉट बावीस.
त्या जंतूपुढे सोळा औषधांच्या चकत्या मांडल्या,
सोळाही चकत्यांना खेटून तो वाढला.
एकीभोवतीसुद्धा रिकामं कडं नाही.
कॉट बावीसचं पुढे काय झालं
मी विचारलं नाही,
बाईंनी सांगितलं नाही.

आज नऊशे तेरावी प्लेट.
काही नाही.
काही नाही.
शेजारची पाळी सुटली, भिंतीची थरथर थांबली.
मग खाली, डावीकडून दुसऱ्या खळग्यात,
अंजनेरीच्या मातीत...
थेटे म्हणतो आहे. मी म्हणते नाही.
रोखून बघितलं की जातो,
जरा बाजूला बघितलं की असतो.
मग दोघंही बाजूला बघत बसलो,
स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे.

चाचपडत लिहिलं : ओळ सात, अंधुक.
पुढे एक प्रश्नचिन्ह,
बहुतेक समासाबाहेर गेलं.

"मोरचूद नसेल ना, मॅडम?"
कड्याखाली कोण फवारायला जातंय, मी म्हणते,
आणि दिवा लावत नाही.