म्हैस वगळून

डॉक्टर म्हणाले, दूध बंद.
मी हसले. त्यांना वाटलं, मला समजलं नाही,
म्हणून कानडीतून परत सांगितलं.

सत्तावीस वर्षं येळ्ळूरहून पहाटेच्या बसला कॅन चढवले.
शहापुरात बाळेश कुंदेवाल्याच्या कढईपर्यंत
माझ्या म्हशींचं दूध पोचलं नाही
असा एकच दिवस, धाकटीच्या जन्माचा.
तेव्हाही दुपारी निरोप आला होता:
बाळंतीण बरी आहे ना, आणि दूध कुठाय?

आता माझंच पोट म्हणतंय, नको.

तिसऱ्या गेटाजवळ नवीन मार्ट झालंय.
दार आपोआप उघडतं. मी दोनदा मागे सरले,
वाटलं आतून कोणी बाहेर येतंय.
आत गार. कशालाच कसला वास नाही.
फळीवर खोकी उभी, शाळेतल्या रांगेसारखी:
बदामाचं, सोयाचं, नारळाचं, ओटचं.
खोक्यावर कानडी, इंग्रजी. मराठी नाही.
त्याचं आता कोण काय करणार, मी चष्मा पुसला.

"येन बेक्री अक्का?" शिवलीला. गळ्यात मार्टचं ओळखपत्र.
मी म्हटलं, "हालिल्लद हालु."
दूध नसलेलं दूध.
ती हसली, मग मीही.
कानडीत हालु म्हणजे दूध,
आमच्या घरी हाल म्हणजे हाल,
मी आपली दोन्ही वाहत आले एकाच कॅनमधून.

ती म्हणाली, ओटचं घ्या, चहाला चालतंय.
ओट?
अगं, ओट तर मी गोठ्यामागं दोन गुंठे पेरते!
सकाळी कापते, पेंढी बांधते,
गंगी खाते, रवंथ करते, शेपटी मारते,
मग कुठं संध्याकाळी बादलीत धार.
ह्यांनी सरळ मधली म्हैसच वगळली.

नाचणीच्या फुग्यांचं एक पाकीट घेतलं,
रताळ्याच्या कापांचं एक.
रताळी आमच्याच बाजूची असतील,
पुण्याला जाऊन, चकाकी लावून परत आलेली,
काही पोरांसारखी.
बसथांब्यावर फोडलं तर अर्धं पाकीट वारा.
खरं चव बरी होती. मिरपूड, आणि काहीतरी आंबट
ज्याचं नाव मला येत नाही. एकटीनंच संपवलं.

घरी आल्यावर धाकटीनं खोकं वाचून दाखवलं.
घटक, म्हणाली. पहिलं नाव: पाणी.
मी म्हटलं, परत वाच.
पाणी. शंभरात अठ्ठ्याऐंशी.

चुलीजवळ बसून राहिले जरा.
बाळेशचा लॅक्टोमीटर आठवला,
दुधात उभा राहून माझ्याकडे बघणारा काचेचा पोलीस.
उन्हाळ्यात गंगी आटली की
घालत होते मी. तांब्याभर. कधी दीड.
कुणाला सांगितलं नाही, देवालाही नाही,
त्याच्या नैवेद्यातही तेच होतं.
आणि हे लोक पाणी पहिल्या ओळीत छापतात,
वर दोनशे ऐंशी रुपये घेतात,
आणि रात्री झोपतात!

वाटीत ओतून चाखलं.
रंग मळकट, साय धरत नाही.
गोडसर. थोडं ओल्या गवतासारखं.
पहाटे पेंढी उचलताना
एखादी काडी दातात धरते ना मी, तसं.
वाईट म्हणवेना.
वासरांना ही चव कधीपासून माहीत असेल.

संध्याकाळी कल्लाप्पांच्या चहात तेच घातलं, न सांगता.
एक घोट घेतला, कपात बघितलं,
गोठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"आज पाणी जास्त पडलंय वाटतं?"

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला
मान खाली घालावी लागली नाही.
खोकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं.
म्हटलं, वाचा की. छापील आहे.