बरणी नंबर सत्तेचाळीस

म्हापशाच्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं
मी बरण्या पुसल्या.
फॉर्मलीन उतरलं की घालायचं,
झाकणाला मेण लावायचं,
पोरं जवळ आली की ओरडायचं.

सत्तेचाळीस नंबरात बोटाएवढा एक जीव,
पालीसारखा, पण पाल नव्हे.
चिठ्ठीवर पोर्तुगीज अक्षरं.
एर्मेलिंदा बाईंनी वाचून दाखवलं:
नारिंगी पोटाचा.
पोट तर भिजल्या साबणाच्या वडीसारखं.
मी काही बोललो नाही.

बाई म्हणायच्या, हा आपल्याकडचा नाहीच.
आपला बेडूक मोठा झाला की शेपूट टाकतो,
सत्तरीच्या मातीतल्या देवगांडुळाला पाय नाहीत.
पाय आणि शेपूट दोन्ही सांभाळून राहणारा
तिकडचाच.

सुलक्षा तिकडेच आहे आता,
ब्रागाजवळ, हॉटेलच्या चादरी धुते.
फेब्रुवारीत रात्री उशिरा व्हिडिओ लावला तिनं:
गावातली कपडे धुवायची जुनी दगडी दोण,
शेवाळ, थंड पाणी.
"पप्पा, तुमचा सत्तेचाळीस!"
तो पाण्यात उलटला
आणि पिकली सुपारी चमकावी तसं पोट.

नर मादीला धरत नाही.
समोर उभा राहून
शेपूट दुमडतो, थरथरवतो,
पाणी तेवढं तिच्याकडे ढकलतो.
तिला जायचं असेल तर वाट मोकळी.

आणि ती, नंतर कधीतरी,
पाण्यातलं एक पान मागच्या पायांनी जवळ ओढते,
आत एक अंडं ठेवते,
पान दुमडून दाबून धरते, चिकटेपर्यंत.
हळदीच्या पानात पातोळी मिटावी तसं.
मग दुसरं पान. मग तिसरं.
शंभर, दोनशे.
आमच्या घरात नागपंचमीला चाळीस झाल्या
की हिची कंबर धरायची.

राखण मात्र नाही. पान मिटलं की ती निघाली.
उन्हाळ्यात दोण आटते,
तेव्हा कुठल्या तरी दगडाखाली
अंग कोरडं करून पडून राहायचं, न खाता.
ओल आली की पुन्हा दोणीकडे.
"त्याच दोणीत?" मी विचारलं.
"बहुतेक," सुलक्षा म्हणाली,
आणि तिच्या पाळीची वेळ झाली.

निवृत्तीनंतर एकदाच गेलो कॉलेजात.
नव्या पोरानं चावी दिली, चहा विचारला.
बरणी खिडकीशी नेली.
नारिंगी नाहीच कुठे.
पण पोटावर काळे ठिपके, मोजले, आठ.
इतकी वर्षं मी त्यांना
काचेवरचे डाग समजून
बाहेरून घासत होतो.